गैरहजराचा वाटा

"ही घेऊ नकोस." मार्लिसनं लेलंडच्या हातातली तिन्ही पुस्तकं काढून घेतली. "सप्टेंबरात नवी आवृत्ती येतेय. मग ही दाराला अडण म्हणून लावायच्या कामाची. दुकान माझं असून मी सांगतेय, बघ!"

लेलंड हसला नाही. आठवड्यात तिसऱ्यांदा तो या दुकानात आला होता. दोनदा खेळाच्या नियमांची पुस्तकं चाळून नुसताच परत गेला होता.

"सप्टेंबरपर्यंत थांबता येणार नाही. माझ्यासाठी नाहीत ही. आत पाठवायची आहेत."

आत म्हणजे कुठे, हे मार्लिसनं विचारलं नाही. तुरुंग गावापासून वीस मैलांवर होता. तिथे बाहेरच्या माणसानं दिलेलं पुस्तक घेत नाहीत. दुकानातून थेट आलेलं, कोरं लागतं. तिनं पूर्वी पाठवली होती.

लेलंड स्वतः अकरा वर्षं आत काढून आला होता. त्यातली सात वर्षं दर रविवारी दुपारी तो चौघांना घेऊन खेळ चालवायचा. तो गोष्ट पुढे नेणारा सूत्रधार, बाकीच्यांत प्रत्येकाचं एक पात्र: कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. फासे टाकायला बंदी होती, म्हणून कागदी कपात आकड्यांच्या चिठ्ठ्या. नियमांची वही म्हाताऱ्या एमस टटलच्या हातची. खऱ्या पुस्तकावरून उतरवलीय, असं एमस सांगायचा. मरण्याआधी त्यानं ती लेलंडकडे दिली. सुटताना लेलंडनं ती चौघांतल्या रॉस्कोच्या हवाली केली.

आता रॉस्कोचं पत्र आलं होतं. लेलंडनं ते काउंटरवर पसरलं.

'टोबी एकांत कोठडीत आहे. अजून तीन आठवडे. वहीत लिहिलंय की जो टेबलावर नाही, त्याचं पात्र शेकोटीपाशी बसलंय असं धरायचं. त्याच्या घोड्याला दाणा द्यायचा, लुटीतला त्याचा वाटा बाजूला ठेवायचा आणि तो आला की हातात द्यायचा. बाकीचे दोघं म्हणतात, असला नियम असतो का कुठे? म्हातारा काहीही लिहायचा. टोबीचं पात्र मारून टाका, वाटा आपण घेऊ. मी कालचा सूत्रधार, माझं कोण ऐकतंय? खरं पुस्तक पाठव, बाबा. छापलेलं बघितलं की गप्प बसतील.'

"टोबीला भेटायला कुणी येत नाही," लेलंड म्हणाला. "पत्रही नाही. कोठडीतून सुटला की तो सरळ टेबलाशी येतो आणि विचारतो, माझा घोडा कसा आहे?"

"एवढंच ना? मग जुनी का नवी, हा प्रश्नच नाही. ज्या आवृत्तीत नियम असेल ती आजच्या टपालानं जाईल."

तिनं सूची उघडली. मग प्रकरणं पाहिली. मग काउंटरमागच्या कपाटाला हात घातला. त्यात कॉलेजपासून जमवलेल्या साऱ्या आवृत्त्या होत्या. त्या विकायच्या नव्हत्या. एकेक खाली आली. अर्धी ती बघत होती, अर्धी लेलंड. प्रकाशकानं पाठवलेली नव्या आवृत्तीची नमुना पानंही तिनं चाळली. दोन गिऱ्हाइकं ताटकळून निघून गेली.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "कुठेच नाही. इथे तर म्हटलंय, खेळाडू गैरहजर असेल तर सूत्रधारानं आपल्या सोयीनं काय ते ठरवावं."

"सोयीनं," लेलंड म्हणाला आणि स्टुलावर बसला.

गैरहजर माणसाच्या वाट्याकडे कुणाचा हात गेला की एमस वहीवर बोट आपटायचा. "मला काय विचारतोस? पुस्तकात असंच आहे." पुढे सात वर्षं लेलंडही तेच म्हणत आला होता. आत कैदी कैद्याचं ऐकत नाही. छापलेल्या नियमाचं ऐकतो, कारण तो कुणाच्याच बाजूचा नसतो. एमसला हे पक्कं माहीत होतं. त्यानं स्वतः एकदा दोन वर्षं एकांत कोठडीत काढली होती. तो बाहेर आला तेव्हा त्याच्यासाठी कुणी काही राखून ठेवलं नव्हतं.

"म्हणजे म्हाताऱ्यानं स्वतःच रचला," लेलंड पुटपुटला. "आणि एकदाही तो आपला म्हणून सांगितलं नाही."

मार्लिसनं पत्रातल्या त्या ओळी पुन्हा वाचल्या. "चाळीस वर्षं ही पुस्तकं वाचतेय मी," ती म्हणाली. "एवढा चांगला नियम छापणाऱ्यांपैकी एकालाही सुचला नाही."

खरं पुस्तक आत गेलं असतं, तर पहिल्याच रविवारी टोबीचं पात्र मेलं असतं. लेलंडनं तिन्ही पुस्तकं उचलून पुन्हा फळीवर लावली. मग एक कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं.

'रॉस्को, जुनी पुस्तकं घेऊ नयेत असं दुकानाच्या मालकीणबाई म्हणतात. सप्टेंबरात नवी आवृत्ती येतेय, तेव्हा बघू. टोबीच्या वाट्याला हात लावू नका. तो नियम पुस्तकात आहे. मी दुकानात स्वतः वाचला.'

मार्लिसनं कागद आपल्याकडे फिरवून घेतला. एका शब्दाच्या अर्थावरून ती गिऱ्हाइकांशी तासन्‌तास भांडायची. चुकीचा नियम सांगितला म्हणून तिनं सख्ख्या भावाला टेबलावरून उठवलं होतं. तिनं मजकूर शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि पेन लेलंडच्या हातात परत दिलं.

"पान नंबर घाल," ती म्हणाली. "त्याशिवाय कुणी मानत नाही."