कातळावरचा फोन

"सुगंधे, खाली उतर! तो कातळपण सुटेल!" काका ओरडला.

"नाय उतरत!" मी पण ओरडले.

दरडीनं टॉवर पाडला, रस्ताही गाडला. वाडीत वहिनीच्या कळा सुरू झाल्यात आणि नर्सबाई दरडीपलीकडच्या गावात. आमच्या फोनांतल्या निरोपाच्या ॲपला टॉवरची गरज नाही. निरोप जवळच्या फोनात शिरतो, तिथून पुढच्या, वाट सापडेपर्यंत; उत्तर त्याच वाटेनं परत येतं. दादापासून नर्सबाईंपर्यंत माणसं फोन धरून उभी आहेत. दरडीच्या अलीकडचा शेवटचा फोन माझा. सकाळपासून बाईंच्या सूचना माझ्यावरूनच वाडीत जातायत. मी हलले की वाट तुटली.

"शाळेत दहा मिनिटं बूड टेकत नव्हतं तुझं!" काका करवादला.

"शाळेत माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं!"

पायाखालचे खडे घरंगळले. मी फोन आणखी उंच धरला. तेवढ्यात दादाचा निरोप आला. मी ओरडून वाचला: "मुलगी झाली."

काकानं डोळे पुसले. "झालं ना? आता तरी उतर, बाये."

"नाय. नर्सबाई विचारतायत, बाळामागची वार पडली का. दादाचं उत्तर त्यांना पोचेपर्यंत मी इथंच."