तळघरातली तडतड

आर्विडच्या घरात पंधरा दिवसांपासून तडतड ऐकू येत होती, आणि ती ऐकणारा तो एकटाच होता. मुलगी सिग्ने दुलुथ शहराच्या दुसऱ्या टोकाहून तीनदा येऊन गेली. दारातून शिरताच "बाबा, किती उकडवून ठेवलंय घर," म्हणत ती तापमान खाली आणी आणि घर गप्प होई. शेवटच्या खेपेला तिने आवाजाचं नावच काढलं नाही. आज वार कोणता, एवढं विचारलं आणि सोमवारची डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली.

शुक्रवारी रोंडा घर तापवणाऱ्या भट्टीच्या वार्षिक तपासणीला आली. आर्विड तिला तळघरात घेऊन गेला, पण आवाजाबद्दल मुद्दाम चकार शब्द काढला नाही. भट्टीचा पंखा सुरू झाला. रोंडाने कान टवकारले.

"ही तडतड कधीपासूनची?"

आर्विड जिन्याच्या पायरीवर बसला. "तुला ऐकू येतेय?"

"बहिरी असते तरी आली असती." तिने भट्टीला जोडलेल्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातला पत्र्यांचा कप्पा ओढून काढला. "भांड्यांच्या मशीनमध्ये धुतलात ना? जड पातेल्याखाली दाबून? हा पत्रा वाकून शेजारच्या विजेच्या पत्र्याजवळ गेलाय. पंखा फिरतोय तोवर इथे ठिणग्या उडतात, तापमान खाली आणलं की पंखा थांबतो आणि आवाजही. दोन मिनिटांत सरळ करते."

"आत्ता नको," आर्विड घाईने उठत म्हणाला. "तसाच परत बसव. आधी माझ्या मुलीला येऊ दे."