ताठमान्याची रेघ

खिशातला खिळा काढून त्याने स्लॅबच्या कडेला हलकेच ओरखडा काढला, कान देऊन ऐकला आणि त्यावरून बोट फिरवलं.

"अजून कोवळं आहे," तो म्हणाला. "अर्धा तास तरी थांबू."

नव्या इंजिनिअरने घड्याळात बघितलं. गोदामाची ही जमीन सकाळी ओतली होती. आता दुपार कलत होती आणि अख्खा स्लॅब संथ पाण्यासारखा राखाडी, शांत पसरला होता. उन्हाने पलीकडची कड थरथरल्यासारखी वाटत होती.

काँक्रीट सुकताना आकसतं आणि तडकतंच, त्याला इलाज नाही. म्हणून वेळेत यंत्राने सरळ खाच मारून ठेवायची, म्हणजे तडा मुकाट्याने खाचेतून जातो. घाई केली तर कडा भुरभुरतात. उशीर केला तर काँक्रीट आपल्या मर्जीने हवं तिथे फुटतं. ही मधली वेळ या माणसाइतकी कुणालाच कळत नसे.

त्याला सगळे ताठमान्या म्हणत. बाकीचे कापणारे यंत्राच्या पुढच्या, रेघेवर धरायच्या काट्यावर नजर खिळवून, मान मोडेस्तोवर वाकून चालत. हा मात्र मान वर करून, समोर बघत, वरातीत निघाल्यासारखा चालायचा आणि रेघ सुतासारखी सरळ यायची. लोक म्हणत, ऐट करावी तर याने.

इंजिनिअरला ऐटीचं कौतुक नव्हतं. आधीच्या कामावर कुणीतरी वाकड्या खाचा मारून त्याला तोंडघशी पाडलं होतं. त्याने सकाळीच शांतपणे सांगून टाकलं होतं, की पहिली रेघ तो स्वतः तपासणार आणि ती चुकली तर उरलेलं सगळं काम दुसऱ्याकडे जाणार. ताठमान्या त्यावर "बघा की" एवढंच म्हणाला होता. पण तो घाबरला होता. तीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं आणि आता या वयात दुसरं काही जमणारही नव्हतं.

दोरी धरायला बायको होतीच. निळी पूड माखलेली दोरी घेऊन ती पलीकडच्या टोकाला गेली, खुणेच्या खिळ्यावर तिने ती ताणून धरली. इकडचा खिळा त्याने चाचपून दोरी अडकवली आणि टणकन सोडली. स्लॅबभर निळी रेघ उमटली. मग त्या टोकालाच, कडेबाहेर, तिने प्लास्टिकची खुर्ची टाकली, पिवळी छत्री उघडली आणि ती बसली. रेघ पुरी होईपर्यंत तिने तिथेच बसायचं, हा त्याचा नेम.

या नेमावरून साइटवर थट्टेला ऊत येई. एकदा ती घाईत काळी छत्री घेऊन आली, तर ताठमान्याने पिवळी येईपर्यंत यंत्राला हात लावला नव्हता. तेव्हापासून तिला सगळे पिवळ्या वहिनी म्हणू लागले. ती लाजायची, पण आतून सुखावायची. तरुणपणी या माणसाने तिच्याकडे कधी धड मान वर करून बघितलं नव्हतं. गेल्या दोन वर्षांत मात्र त्याला काय झालं होतं कोण जाणे. साइटवर नजर तिच्यावरून हलत नसे. घरी संध्याकाळी तिला पेपर वाचायला लावून, डोळे मिटून, तिचा आवाज ऐकत पडायचा. देव उशिरा का होईना पावला, असं ती बहिणीला सांगायची.

अर्ध्या तासाने खिळ्याचा आवाज बदलला. कोरडा, बारीक.

"झालं," ताठमान्या म्हणाला. त्याने कानांवर झाकणं चढवली आणि यंत्रावर वाकून तो पातं घट्ट करू लागला.

इंजिनिअर पलीकडच्या टोकाला गेला होता. तसा तो सभ्य माणूस.

"काकू, इथे सगळी धूळ अंगावर येईल. जरा त्या खांबाच्या सावलीत सरकून बसा."

"नको हो. यांना मी समोर दिसले पाहिजे."

"दोन हात सरकल्याने काय फरक पडतोय? तिथूनही दिसालच की."

त्याने स्वतःच खुर्ची उचलून सरकवली. तिला संकोच वाटला, पण साहेबांचं मन मोडवेना. त्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.

यंत्र सुरू झालं. खिळ्यापाशी पातं खाली गेलं, पांढऱ्या धुळीचा लोट उठला आणि ताठमान्या मान वर करून चालू लागला. धुळीत त्याचे पाय दिसेनासे झाले. ढगावरून कुणी हळूहळू चालत यावं तसा तो येत होता. ती रेघेकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती आणि तोही तिच्याकडे बघत होता. लग्नातसुद्धा त्याने असं बघितलं नव्हतं, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

कडेला येऊन त्याने यंत्र बंद केलं. फोन संपवून इंजिनिअर परत आला. तिघंही धूळ बसेपर्यंत थांबले. मग एक डोळा मिटून इंजिनिअरने खाचेवरून नजर टाकली. साठ फूट, कुठे कंप नाही.

"बघा साहेब," ताठमान्या कानांवरची झाकणं काढत, हसत म्हणाला. "निळ्या रेघेवरून केसभर जरी हललो असेन, तर उद्यापासून येत नाही."

बायकोने खाली बघितलं. खाच बरोबर तिच्या खुर्चीसमोर येऊन कडेला भिडली होती आणि दोन हात पलीकडे, लख्ख उन्हात, निळी रेघ जशीच्या तशी पडली होती.