ओवलेल्या सुया

धाकटीला मुलगा झाला त्या वर्षी मोठीच्या नवऱ्याला पहिल्यांदाच उन्हाळ्यात सुट्टी मिळाली. तो बस चालवायचा. कंपनी वर्षातून एकदा नवरा-बायकोला फुकट प्रवासाचा पास द्यायची, पण एकाच ठिकाणचा. समुद्रकाठचं शहर की राजधानी, हे त्याला उद्या सकाळी डेपोत सांगायचं होतं.

"समुद्र," तो म्हणाला. "क्लच दाबून दाबून पायाचं लाकूड झालंय. जरा खाऱ्या पाण्यात भिजू दे."

"राजधानी," मोठी म्हणाली. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती.

"तिथे काय आहे? रस्तेच ना? रस्ते मी रोज बघतो."

"राजवाडा आहे."

"राजवाड्यात तुझी आई नाही."

मोठीने ताट जरा जोरातच फळीवर ठेवलं.

आई धाकटीच्या बाळंतपणासाठी समुद्रकाठी गेली होती. महिनाभर राहून येते, म्हणाली होती. बाळ आता रांगायला लागलं होतं आणि आई अजून तिथेच होती.

इथे होती तेव्हा आई दिवसभर रजया शिवायची. मोठी कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. तिथले उरलेले तुकडे ती आईला आणून द्यायची. आईला सुईचं नेढं दिसत नसे. म्हणून मोठी रोज कामाला निघण्याआधी सुया ओवून छोट्या उशीत खोचून ठेवायची. संध्याकाळी घरात शिरली की आधी त्या उशीकडे बघायची. सुया रिकाम्या असल्या की आईचा दिवस चांगला गेला. तशाच ओवलेल्या असल्या की आज आई पडून होती. विचारावं लागत नसे. जाताना आई ती उशी सोबत घेऊन गेली होती.

फोन वाजला. धाकटीचाच होता. नवऱ्याने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"दाजी, ठरलं का? ताईला सांगा, तिची खोली झाडून ठेवलीय. गॅलरीत बसलं की समोर समुद्र. आई तर तिथून हलतच नाही. दिवसभर नुसती पाण्याकडे बघत बसलेली."

"बसेल ना," मोठी तिकडूनच म्हणाली. "इथे तिला काय होतं बघायला? समोरच्यांची पाण्याची टाकी."

"असं काय गं, ताई!"

"दे तिला फोन."

"झोपलीय."

"आत्ता? दिवेलागणीला?"

"जेवणही नको म्हणाली. उठवू का?"

"नको, झोपू दे. माझ्याकडे तर पहाटेपासून खुडबुड चालायची तिची. तुझ्याकडे बरी झोप लागते." मोठी हात पुसत टेबलाशी आली. जरा थांबून तिने विचारलं, "सुया कोण ओवतं?"

"मीच. तुझ्यासारख्याच रोज सकाळी ओवून ठेवते. पण संध्याकाळी बघावं तर सगळ्या तशाच. हातसुद्धा लावत नाही ती. काय करावं कळत नाही बघ."

मोठी खुर्चीवर बसली. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"दोरा केवढा घेतेस?"

"हातभर."

"मेण लावतेस?"

"मेण? कशाला?"

"राहू दे," मोठी म्हणाली. "बाळाला सांभाळ." आणि तिने फोन बंद केला.

नवरा तिच्याकडे बघत होता. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

"लॉटरी लागली का?"

"मेणसुद्धा लावत नाही ती दोऱ्याला! दर टाक्याला गाठ पडत असेल. आई कशी शिवेल? तिला दुसऱ्या कुणाचा दोरा चालतच नाही."

"बरी आहे ना पण आई? या वेळेला झोपलीय म्हणे."

"तिला काय धाड भरलीय? गॅलरीत बसून समुद्र बघतेय."

"मग जाऊ या ना. तू लाव मेण, मी पाय भिजवतो."

"मुळीच नाही. समुद्र काही पळून जात नाही. मी गेले तर मी सुया ओवणार, आणि आई तिथेच शिवत बसणार. मग ती कशाला येतेय परत? अजून थोडे दिवस काढू दे तिला त्या बिनमेणाच्या दोऱ्यावर. आपणच म्हणेल, मला मोठीकडे नेऊन सोडा."

"तू आईला बोलावतेयस की बहिणीला हरवतेयस?"

"तुम्ही डेपोत राजधानी सांगा."

बूट काढून त्याने पायाची बोटं दोनदा दाबली आणि आत गेला.

मोठीने खणातून मेणाचा खडा आणि रिळं काढली. खांद्यापर्यंत माप घेऊन दोरा तोडला, मेणावरून ओढला, दिव्याकडे धरून ओवला. एकेक सुई ती खिडकीच्या पडद्याच्या काठाला ओळीने खोचत गेली. राजधानीहून आल्यावर आईला न्यायला जायचं, म्हणजे घरी आल्या आल्या तिच्या हाताशी असतील.

पुढच्या गुरुवारी दुपारी, मोठी आणि तिचा नवरा राजवाड्याबाहेरच्या रांगेत उभे असताना, आई वारली.