थिएटरमधली शांतता

"माझ्या थिएटरमध्ये शांतता म्हणजे शांतता!" मोठ्या सर्जनांनी फर्मावलं, आणि बाळाच्या उशाशी गुणगुणणाऱ्या सिस्टर गप्प झाल्या.

अपुऱ्या दिवसांच्या त्या जिवाला पूर्ण भूल झेपणारी नव्हती. म्हणून पाठीत सुई देऊन फक्त कमरेखालचं अंग बधिर केलेलं. वर बाळ टक्क जागं. गाणं थांबताच त्यानं भोकाड पसरलं, पोट ताठरलं, आणि हर्नियातलं आत सारलेलं आतडं पुन्हा बाहेर डोकावलं.

"बधिरपणा अजून वीसच मिनिटं टिकेल हं, सर," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

सर्जनांनी घड्याळ पाहिलं, घसा खाकरला. "म्हणा, सिस्टर."

अंगाई सुरू झाली, बाळ निवलं, टाके पडू लागले. तिसऱ्या टाक्याला मास्कमागून हळूच आवाज आला, "सिस्टर, जरा संथ घ्या. हात तालावर चाललाय."