निताची नोकरी

“हजारो लोकांना काढलं म्हणं तुमच्या कंपनीनं. टीव्हीवर सांगून राहिले,” सोनाजी सर म्हणाले. “कामचुकारांना काढत असतील. कामाच्या माणसाला कोण हात लावतंय?”

निता ओसरीच्या कडेला बसली होती. औंढ्याला उतरल्यावर तांड्यावर घरी जायच्या आधी ती इथंच आली होती. दहावीपर्यंत याच ओसरीवर सरांनी तिला आणि आपल्या मुलाला, रुद्रला गणित शिकवलं होतं. पुढं दोघंही पुण्यातल्या एकाच मोठ्या कंपनीत लागले, तेव्हा सरांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते.

“सर,” ती खाली बघत म्हणाली, “मलाबी काढलं.”

सरांचा मिशीवर गेलेला हात तिथंच थांबला. आतून सरांच्या पत्नी द्वारकाबाई लगबगीनं बाहेर आल्या.

“तुला? काहून गं लेकरा?”

“कारण काई न्हाई, काकू. सकाळी कॉम्प्युटर उघडला, तर आत जाताच येईना. झालं.”

सर तिच्याजवळ येऊन बसले.

“वढ्याला पाणी आलं की दप्तर डोक्यावर घेऊन यायचीस तू,” ते म्हणाले. “चिंब व्हायचीस. पण शिकवणी चुकवली न्हाईस.”

“काकू चुलीपुढं बसवायच्या. गरम भाकर, शेंगदाण्याची चटणी.” निता हसली. “रुद्र माझीबी चटणी पळवायचा.”

“आन् गणित न्हाई सुटलं की रडायचा.” सरही हसले. मग ते गंभीर झाले. “कामचुकार म्हणालो मी आत्ता. चुकलं माझं, पोरी. नोकरी गेली म्हणून तू कमी झालीस व्हय? मान वर कर. हे घर तुझंच हाय.”

द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले. “आमचा रुद्र तरी बरा हाय ना गं तिथं? फोनवर धड बोलत न्हाई.”

“बरा हाय, काकू.”

चहा झाल्यावर दोघांच्या पाया पडून ती निघाली.

स्टँडवरच्या बाकावर दोन बॅगा घेऊन रुद्र बसला होता. तिला पाहताच तो उठून उभा राहिला.

“काय म्हणाले बाबा?”

“जवळ केलं त्यांनी. जा तू घरी, भिऊ नको,” निता म्हणाली. “मला सोमवारी ऑफिस हाय. काढलं कुणाला, ते आता तू सांग.”