फोन ठेवू नका

शाल खांद्यावर आली तेव्हा गीताबाईंना वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. पण चेअरमन मोहनरावांनी लगोलग नारळ हातात दिला, टाळ्या पडल्या आणि सांगायचं राहून गेलं.

सोसायटीच्या गोदामात सत्कार होता. पत्रे तापले होते. या साली ऊसच नव्हता, त्यामुळे कारखान्याचं धुराडं पेटलं नव्हतं. कारखान्याची एक रुग्णवाहिका मात्र चालू होती आणि तिला धाडणारा एक फोन. त्या फोनवर गीताबाई बसायच्या. संचालक मंडळ तो फोन बंद करायच्या बेतात होतं. तेवढ्यात विहिरीत अडकलेला बिभीषण वाचला, गावोगाव गीताबाईंचं नाव झालं आणि तो विषय मागे पडला. आज त्या खरं बोलल्या असत्या, तर उद्या वस्त्यांवरच्या माणसांनी हाक कुणाला मारायची?

खरं तर गोष्ट एवढीशी होती. आटलेल्या विहिरीच्या तळातून खडकात आडवं बोअर मारायचं चाललं होतं. भर दुपारी गडी जेवायला गेले आणि बिभीषण झरा लागला का बघायला एकटाच उतरला. दरड कोसळली, तो कमरेपर्यंत गाडला गेला. त्यानं फोन करून गाव सांगितलं, विहीर सांगितली आणि फोन तुटला. गीताबाईंनी गाडी पिटाळली. परत परत नंबर फिरवला, लागला नाही.

बिभीषण मात्र दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून सांगत होता, की फोनवरच्या ताई शेवटपर्यंत बोलत राहिल्या म्हणून मी तगलो. भीतीनं माणसाला काय काय ऐकू येतं, अशी गीताबाईंनी मनाची समजूत घातली आणि त्या गप्प राहिल्या.

मोहनराव माइकवर आले. "मागल्या उन्हाळ्यात याच इहिरीनं आपली दगडाबाई नेली. औंदा गीताताईनं इहिरीची डाळ शिजू दिली न्हाई."

गीताबाईंनी मान खाली घातली. दगडाबाई घागर भरायला उतरली होती, पाय घसरला. कमरेच्या पिशवीत फोन होता म्हणून तिची हाक पोचली. गाडी तेव्हा अंबाजोगाईला, एका अडलेल्या बाईला घेऊन गेलेली. पण या फोनवर बसणाऱ्यानं समोरच्याला 'गाडी नाही' असं कधी म्हणायचं नसतं. माणूस आशेवर तगतो. "गाडी निघालीय बाई, फोन ठेवू नका," असंच त्या म्हणाल्या. तिला ग्लानी येऊ लागली तेव्हा म्हणाल्या, "बांगड्या दगडावर वाजवत राहा, म्हणजे मला ऐकू येईल." बराच वेळ त्या वाजत होत्या. थांबल्या तरी गीताबाईंनी फोन कानाचा काढला नव्हता. त्या दिवसाचा सत्कार कुणी केला नाही, आणि करण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

बिभीषण कुबडी टेकत उठला. "मला लई झोप यायलती," तो सांगू लागला. "ताई म्हन्ली, डोळे मिटू नको, गाडी निघालीय. आन् म्हन्ली, बांगड्या वाजवत ऱ्हा. आता गडीमाणसाच्या हातात कुठल्या बांगड्या?"

गोदामभर हशा पिकला. गीताबाईंच्या हातातला नारळ मात्र गार पडल्यासारखा झाला. ती बांगड्यांची गोष्ट त्यांनी कुणालाच, अगदी घरीही, सांगितलेली नव्हती.

त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी नुसते हात जोडले.

चहा सुरू झाला तशा त्या बिभीषणला बाजूला, खताच्या पोत्यांपाशी घेऊन गेल्या. "दादा, तुमचा फोन तेव्हाच तुटला होता. त्यानंतर मी एक शब्दही बोलले नाही. ती मी नव्हते."

बिभीषणनं कुबडी पोत्याला टेकवली. त्याला राग आला नाही.

"तुमी आता बोललात तवाच कळलं," तो हळू म्हणाला. "तो आवाज येगळा हुता. लई दमल्यावानी."

"काय काय बोलली ती?"

"हेच, जे सांगितलं ते. फकस्त एक सांगितलं न्हाई. कावून की त्याचा अर्थच लागंना. मला वाटायचं, तुमीच बोलायलात, मग सोताबद्दल असं कसं इचारायलात?"

तिकडे माइकवर मोहनराव फोन चालू ठेवण्याचा ठराव जाहीर करत होते. टाळ्या पुन्हा पडल्या. बिभीषणनं त्या थांबू दिल्या.

"दोरानं मला वर वढायले तवा ती खालून म्हन्ली, गीताताईला इचार, माझी गाडी कुठवर आली?"